वॉरंटी शाबूत ठेवून गाडीत केलेले बदल: काही महिन्यांच्या वापरानंतर

परफॉर्मन्स गाडी दारात आली की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, ‘रिमॅप करून टाक, मग कळेल गाडी काय चीज आहे.’ (रिमॅप म्हणजे इंजिन चालवणारं सॉफ्टवेअर बदलणं.) दुसरा म्हणतो, ‘एक नट जरी बदललास तरी वॉरंटी गेली समज.’ आठेक महिने बदललेली गाडी रोज चालवली, जमेल तेव्हा ट्रॅकवर नेली आणि मधल्या काळात वॉरंटीचे क्लेमही केले. त्यानंतर मी ठामपणे सांगतो की दोन्ही सल्ले बाजूला ठेवा. गाडी खूप सुधारता येते आणि वॉरंटीही राहते. फक्त कुठल्या भागाला हात लावायचा याचा क्रम नीट ठरवावा लागतो.

गाडी दोन लिटर टर्बो पेट्रोल, पुढच्या चाकांवर चालणारी, मॅन्युअल गिअरची हॅचबॅक. टायर, हलकी रिम, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, स्टीलच्या जाळीचे ब्रेक होज, एअर फिल्टर, कंपनीच्याच अ‍ॅक्सेसरी यादीतल्या स्प्रिंग आणि नव्याने केलेलं अलाइनमेंट, एवढे बदल केले. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), टर्बो, डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप), इंटरकूलर (टर्बोतली गरम हवा थंड करणारा भाग) यांना अजिबात हात लावलेला नाही.

आधी वॉरंटीचं गणित. बाहेरचा, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा, एक भाग बसवला म्हणून सगळी वॉरंटी एका फटक्यात रद्द होते, ही समजूत खूप पसरलेली आहे. प्रत्यक्षात प्रश्न असा असतो की जे बिघडलं ते बदललेल्या भागामुळे बिघडलं का? अमेरिकेत तर १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने हे स्पष्टच केलंय. अमुक ब्रँडचाच भाग वापरला तर वॉरंटी, अशी अट कंपनीला साधारणपणे घालता येत नाही. पण त्याच कायद्यात दुसरी बाजूही आहे: बाहेरच्या भागामुळेच नुकसान झालं असेल तर ते भरून द्यायला कंपनी बांधील नाही. बाकी देशांत शब्द वेगळे, नियम वेगळे. म्हणून गाडीसोबत आलेली वॉरंटीची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. मी वाचली, आणि ‘काय कव्हर होत नाही’ हे पान सगळ्यात उपयोगी ठरलं.

कारण त्या पानावर पॅड, टायर, वायपर, क्लच प्लेट अशा झिजणाऱ्या वस्तूंची यादी असते. यांना मुळात वॉरंटी नसतेच, किंवा असली तर अगदी थोडे दिवस. मग तिथे गमवायचं काय? आणि गंमत म्हणजे ट्रॅकवर वेळ कमी करणाऱ्या आणि गाडीवरचा विश्वास वाढवणाऱ्या बऱ्याच गोष्टी याच यादीत बसतात. माझा सगळा बेत इथूनच सुरू झाला.

ब्रेकबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण दिलेल्या पैशांचं सगळ्यात जास्त चीज इथे झालं. कंपनीचे पॅड रोजच्या वापराला उत्तम होते: थंड असतानाही पकडायचे, आवाज नाही. ट्रॅकवर मात्र काही फेऱ्यांनंतर पायाखालचा अंदाज बदलायला लागायचा. इथे दोन वेगळे प्रकार ओळखायला शिका. पेडल घट्ट आहे, पाय जोर लावतोय, पण गाडी थांबायला तयार नाही, तर पॅड तापून दमलेत. पेडलच मऊ पडून खाली जातंय, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झालीय. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, म्हणून पाय फुकट खाली जातो. पहिल्या प्रकारावर उपाय पॅड, दुसऱ्यावर ऑइल. नुसते महागडे पॅड घालून ऑइल जुनंच ठेवलं तर अर्धंच काम होतं.

ब्रेक ऑइलचे ‘डॉट’ नावाने दर्जे असतात. डॉट ४ च्या ऑइलला ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस उत्कलनबिंदू लागतो, आणि ओलावा शोषल्यावर किमान १५५. एवढी मोठी घसरण केवळ हवेतल्या ओलाव्याने होते. ट्रॅकसाठीची जी चांगली डॉट ४ ऑइल मिळतात त्यांचा ताजा आकडा ३०० च्या पुढे असतो, पण त्यातली बरीच ओलावाही लवकर शोषतात. म्हणजे ती जास्त वेळा बदलायची तयारी हवी. डॉट ५ मात्र घालू नका. ते सिलिकॉनचं असतं, डॉट ४ मध्ये मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत त्याला जागा नाही. डॉट ५.१ हा वेगळा प्रकार आहे, तो डॉट ४ सारखाच ग्लायकॉलचा. नावांवरून इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.

इतक्या महिन्यांनंतर पॅडचे तोटेही समोर आलेत. सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला किंचित चिरचिर होते. रिमवर काळी भुकटी बसते आणि ती वेळेवर धुतली नाही तर चिकटते. डिस्कही आधीपेक्षा लवकर झिजताना दिसतेय. तरी मी हेच पॅड परत घेईन. ट्रॅकवरून परत येताना पेडल जिथे सकाळी होतं तिथेच असतं, आणि ही भावना कुठल्याही वाढीव हॉर्सपॉवरमध्ये नाही. स्टीलच्या जाळीच्या होजबद्दल तेवढा उत्साह नाही. पेडल थोडं घट्ट वाटतं, पण पैसे मोजून खर्च करायचे असतील तर हे शेवटी ठेवा. घेतलेच तर रस्त्यावर वापरायला प्रमाणित असलेलेच घ्या.

रिम आणि टायर. साइज कंपनीचीच ठेवली, २३५/४० आर१८. रुंदी तीच, ऑफसेटही (रिम हबवर किती आत किंवा बाहेर बसते ते अंतर) तोच. फक्त प्रत्येक रिम जवळपास अडीच किलोने हलकी. हे वजन स्प्रिंगच्या खालचं असल्यामुळे खराब रस्त्यावर चाक पटकन खाली येऊन रस्ता धरतं, आणि स्टिअरिंगमध्ये ते लगेच कळतं. टायरचा लोड इंडेक्स (किती वजन पेलतो) आणि स्पीड रेटिंग (किती वेग झेलतो) मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. दुकानदार ‘चालतंय हो’ म्हणतो, पण उद्या क्लेमच्या वेळी तो सोबत येणार नाही.

ऑफसेट तोच ठेवण्याचा फायदा असा झाला. डाव्या पुढच्या चाकातून वेग वाढला की घूं घूं आवाज यायला लागला, वळणावर भार पडला की वाढायचा. बेअरिंगच होतं. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी लिफ्टवर घेतली, आणि अ‍ॅडव्हायझरने रिमकडे पाहताक्षणी मान हलवली, ‘सर, व्हील बाहेरची आहेत, बेअरिंगचा क्लेम बसणार नाही.’ मी वाद घातला नाही. रिमच्या मागच्या बाजूला, स्पोकच्या आत कोरलेला ऑफसेटचा आकडा त्याला टॉर्च मारून दाखवला. मग मूळ रिमचा फोटो दाखवला, त्यावरही तोच आकडा. स्पेसर (चाक बाहेर काढायला मध्ये घालतात ती चकती) नाही, रुंदी तीच, म्हणजे बेअरिंगवर पडणारा जोर बदललेलाच नाही. त्याने दोन्हींचे फोटो काढले, कंपनीच्या माणसाला पाठवले, आणि बेअरिंग वॉरंटीत बदलून मिळालं. स्पेसर लावून चाकं बाहेर काढली असती, तर हाच क्लेम नाकारायला त्यांच्याकडे सबळ कारण असतं, आणि ते योग्यही ठरलं असतं.

थर्मोस्टॅट हाउसिंगमधून कूलंट गळायला लागलं तेव्हा कोणी रिमचं नावही काढलं नाही. दुसऱ्या एका भेटीत मात्र काउंटरवरचे एक जण एअर फिल्टर बघून ‘इंजिनची वॉरंटी संपली’ असं तोंडी सांगून मोकळे झाले. अशा वेळी एकच विनंती करा: कुठला भाग, पुस्तिकेतलं कुठलं कलम आणि त्या फिल्टरमुळे काय बिघडलं, हे लेखी द्या. मी आवाज न चढवता तेवढंच मागितलं. लेखी काहीच आलं नाही, आणि वॉरंटी सिस्टीममध्ये आजही जशीच्या तशी आहे.

तसा फिल्टर हा फार किरकोळ बदल. टर्बोचा आवाज थोडा जास्त ऐकू येतो, ताकदीत मला तरी फरक जाणवत नाही. मी कोरड्या प्रकारचा घेतला, कारण तेल लावायच्या फिल्टरमध्ये तेल जास्त झालं तर ते एअरफ्लो सेन्सरवर बसू शकतं, आणि मग सेन्सरच्या क्लेमवर बोट ठेवायला जागा मिळते. स्प्रिंगबद्दल एवढंच की त्या कंपनीच्याच पार्ट नंबरच्या आहेत आणि डीलरकडेच बसवल्या. गाडी थोडी खाली आली की अलाइनमेंट बदलतं, आणि पुढे कॅमेरा-रडार असलेल्या गाडीत त्यांचं कॅलिब्रेशनही तपासावं लागू शकतं. बसवल्यानंतरची अलाइनमेंटची प्रिंट जपून ठेवलीय. पुढचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) मर्यादेत राहून थोडा उणे केला, म्हणजे चाकाची वरची बाजू किंचित आत झुकवली. टायरची बाहेरची कड आता ट्रॅकवर पूर्वीसारखी झिजत नाही.

आता ईसीयू का सोडला ते. रिमॅपने गाडी बदलते यात शंका नाही. टर्बो गाडीत तर नुसत्या सॉफ्टवेअरने टॉर्क भरपूर वाढतो. पण हा टॉर्क क्लच, गिअरबॉक्स, टर्बो, पिस्टन, ड्राइव्हशाफ्ट या सगळ्यांमधून जातो. म्हणजे एका बदलाने कंपनीला सबंध पॉवरट्रेनवर बोट ठेवायची मुभा मिळते. पॅड बदलला तर वाद पॅडपुरता राहतो. रिमॅप केला तर वाद सगळ्यात महागड्या भागांचा होतो. माझ्या लेखी सगळा निर्णय एवढ्या फरकावर आहे.

‘सर्व्हिसच्या आधी स्टॉक फाइल (कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर) परत टाकायची’ हा सल्ला तर सोडूनच द्या. अनेक ईसीयूंमध्ये किती वेळा प्रोग्रॅमिंग झालं याची नोंद राहते, आणि स्टॉक फाइल परत टाकणं हेही एक प्रोग्रॅमिंगच असतं. शिवाय कॅलिब्रेशनचा पडताळणी क्रमांक असतो, तो सॉफ्टवेअरच्या मजकुरातून काढला जातो. फाइल बदलली की क्रमांक जुळत नाही. फोक्सवॅगन-आउडीच्या गाड्यांमध्ये डीलरचं यंत्र कंपनीच्या सर्व्हरशी बोलतं आणि बदललेलं सॉफ्टवेअर सापडलं की त्या गाडीवर ‘टीडी१’ अशी खूण पडते. तिथून पुढे इंजिन-गिअरबॉक्सच्या क्लेमचं काय होतं, हे त्या गाड्यांच्या मालकांना विचारा. ट्यूनिंग बॉक्स लावून सेन्सरचे सिग्नल बदलणं हाही मला आडमार्ग वाटतो. बॉक्स काढून ठेवला तरी इंजिनवर पडलेला ताण काढता येत नाही.

आणि लपवाछपवी मला तत्त्वतःच पटत नाही. माझी गाडी जशी आहे तशीच सर्व्हिसला जाते. जे लपवावं लागेल ते बसवायचं नाही, एवढा नियम ठेवला की काउंटरवर उभं राहताना छाती धडधडत नाही.

ताकदच हवी असेल तर कंपनीने मान्य केलेली किट आहे का ते आधी शोधा. फोर्डने फोकस आरएससाठी माउंट्यून या ट्यूनिंग कंपनीने बनवलेली एफपीएम३७५ किट युरोपात आपल्या डीलरमार्फत वॉरंटी कायम ठेवून दिली होती. असे पर्याय थोडे असतात आणि आकडे बेफाम नसतात, पण त्यामागे कंपनीची सही असते. ट्रॅकचंही तसंच. अनेक पुस्तिकांत शर्यत किंवा वेळ मोजून चालवणं वॉरंटीबाहेर आहे, तर ह्युंदाई ऑस्ट्रेलियात आपल्या ‘एन’ गाड्यांसाठी शर्यत नसलेल्या ट्रॅक वापरालाही वॉरंटी देते. तुमच्या पुस्तिकेत नेमके कुठले शब्द आहेत, ते ट्रॅकचं बुकिंग करण्याआधी बघा.

या सगळ्याला आधार एका फाइलचा. प्रत्येक भागाचं बिल, पार्ट नंबर, बसवतानाच्या किलोमीटरची नोंद, अलाइनमेंटच्या प्रिंट, आणि इंजिन ऑइलची बिलं. ऑइल नुसतं ‘५डब्ल्यू-३०’ (जाडीचा दर्जा) असून भागत नाही, कंपनीने मागितलेलं अप्रूव्हल डब्यावर छापलेलं हवं. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनात कमी आरपीएमवर जोर दिला की अवेळी पेट घेण्याचा धोका असतो, आणि तो कमी करण्याची चाचणी इंजिन ऑइलच्या ‘एपीआय एसपी’ या दर्जात धरलेली आहे. इंजिनचा क्लेम आला तर पहिला प्रश्न याच बिलांचा येतो. विमा कंपनीलाही रिम आणि स्प्रिंगची माहिती लेखी कळवून ठेवलीय, कारण विमा आणि वॉरंटी ही दोन वेगळी खाती आहेत.

कंपनीचे मूळ पॅड, रिम, स्प्रिंग आणि फिल्टर चिठ्ठ्या लावून ठेवून दिलेत. पुढचा विचार एक्स्टेंडेड वॉरंटीचा चाललाय, आणि तिथे सगळं नव्याने वाचावं लागतंय. ती बऱ्याचदा गाडीची कंपनी नाही, तर विमा कंपनी देते, आणि तिच्यात बदलांविषयीचं कलम फॅक्टरी वॉरंटीपेक्षा कडक असू शकतं. बदलांची यादी आधीच देऊन ‘या गाडीला कव्हर मिळेल का’ असं ईमेलवर विचारलंय. लेखी होकार आल्याशिवाय पैसे भरणार नाही.