सोडाबायकार्बची ड्रिप: डी-फाइव्ह, एनएस की हाफ एनएस?

ऑर्डरमध्ये नुसतं 'सोडाबायकार्ब ड्रिप' (रक्तातलं आम्ल कमी करणारं सोडियम बायकार्बोनेट) लिहिलेलं असलं, की नव्या सिस्टरचा हात सवयीने एनएसच्या, म्हणजे नॉर्मल सलाइन या मिठाच्या पाण्याच्या, बाटलीकडे जातो. तिथेच थांबा. कशात, किती, किती तासांत, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

मुख्य फरक सोडियमचा. डी-फाइव्हच्या (5 टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी) 500 मिलीतून 75 मिली काढून टाकलं आणि तेवढंच 8.4 टक्क्यांचं सोडाबायकार्ब घातलं, तर सोडियम लिटरमागे 150 एमईक्यू (मिलिइक्विव्हॅलंट, क्षार मोजायचं माप) होतं, रक्ताच्या जवळपास. एनएसमध्ये हेच केलं तर ते 280 च्या घरात जातं, कारण तिथे आधीचंच 154 आहे. म्हणून माझी पहिली पसंती डी-फाइव्ह. बाटली उचलताना डीएनएस (डेक्स्ट्रोज आणि एनएस एकत्र) तर नाही ना, हे मात्र दोनदा वाचा.

शुगर चढलेली असेल तर हाफ एनएस (एनएसच्या निम्मं मीठ असलेलं सलाइन) विचारात घेतात. त्यात रक्ताइतकंच सोडियम ठेवायचं तर लिटरमागे 75 एमईक्यूच बायकार्ब बसतं. तेवढ्याच बायकार्बसाठी दुप्पट पाणी द्यावं लागतं आणि लघवी बंद झालेल्या पेशंटला ते झेपत नाही.

आरएल (रिंगर लॅक्टेट) या तुलनेत नाहीच. त्यात कॅल्शियम आहे, बायकार्बशी भेटलं की साका धरतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, तेही आरएल नसताना. मुंबईतला जुलै, वॉर्डात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस) पेशंट, एकाचं पोटॅशियम वाढलेलं. घाईत बायकार्ब चालू असलेल्याच लाइनमधून कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं गेलं. नळीत ताकासारखा पांढरा ढग उतरताना दिसला, तेव्हा मी क्लॅम्प बंद केला आणि पूर्ण सेट बदलला. हात बराच वेळ थरथरत होते. तेव्हापासून कॅल्शियमला वेगळी लाइन. नसेलच, तर बायकार्ब थांबवून आधी एनएसने नीट फ्लश. अॅड्रेनालिनही बायकार्बच्या लाइनमधून नको, त्याचा जोर मरतो.

अँप्युलवरचे टक्के वाचा. 8.4 टक्क्यांत मिलीमागे 1 एमईक्यू, 7.5 टक्क्यांत साधारण 0.9. म्हणजे 7.5 टक्क्यांचं असेल तर 75 एमईक्यूसाठी 84 मिली लागतात. ऑर्डर एमईक्यूमध्येच घ्या. पोटॅशियम क्लोराइडचे अँप्युल त्याच ट्रेमध्ये ठेवू नका. फोडण्याआधी नाव दुसऱ्या सिस्टरला मोठ्याने वाचून दाखवा. भरल्यावर बाटली चार-पाच वेळा उलटीपालटी करा, नाहीतर औषध एकाच जागी राहतं. मग लेबल: काय घातलं, किती एमईक्यू, किती वाजता, कोणी. ड्रिप चालू असताना सुईची जागा बघत राहा, बाहेर गळलं तर कातडी जळते. पोटॅशियम खाली येतं, म्हणून पुढचं सॅम्पल कधी पाठवायचं तेही त्याच वेळी विचारून ठेवा.