विंडोचा आकार कोणी लक्षात ठेवायचा: प्रोग्रॅमने, डेस्कटॉपने की स्क्रिप्टने?

लिनक्सवर स्वतःचा एखादा छोटा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यासमोर हा प्रश्न लवकरच येतो. वापरणाऱ्याने विंडो ओढून हवी तेवढी केली आणि बंद केली. पुढच्या वेळी ती तेवढीच उघडावी, ही त्याची अपेक्षा अगदी रास्त आहे. ती तीन प्रकारे पुरी करता येते. प्रोग्रॅम स्वतः आकार जपून ठेवतो, किंवा डेस्कटॉपच्या विंडो मॅनेजरला, म्हणजे विंडो मांडणाऱ्या प्रोग्रॅमला, नियम घालून देता येतो, किंवा विंडो उघडली की बाहेरची एखादी स्क्रिप्ट तिला पाहिजे त्या मापात बसवते. यातलं काय निवडायचं, हे तुम्ही प्रोग्रॅम लिहिता की नुसता वापरता यावर ठरतं. त्याच्याही आधी बघायचं ते हे, की तुमचं सेशन एक्स११ वर चालतं की वेलँडवर; स्क्रीनवर विंडो दाखवण्याच्या या लिनक्समधल्या दोन पद्धती, एक जुनी आणि एक नवी.

एक्स११ हा १९८७ चा. त्यात प्रोग्रॅम आकारही मागू शकतो आणि जागाही. एक्सटर्म या जुन्या टर्मिनल प्रोग्रॅमला ‘८०x२४+१०+२०’ अशी जॉमेट्री, म्हणजे आकार आणि जागा, दिली, की ८० स्तंभ आणि २४ ओळींची विंडो डावीकडून १० आणि वरून २० पिक्सेलवर उघडते. सोबत विंडो मॅनेजरला काही सूचना जातात: किमान आकार, कमाल आकार, किती टप्प्याने वाढवायचं. एक्सटर्मची कड ओढताना ती एकेका अक्षराने सरकते, ते या टप्प्याच्या सूचनेमुळे. आकार वापरणाऱ्याने सांगितला की प्रोग्रॅमने, यासाठीही वेगवेगळ्या खुणा आहेत. ही फार समजूतदार रचना होती, असं मला आजही वाटतं.

वेलँडचं काम २००८ मध्ये सुरू झालं आणि त्यात हा हिशेब बदलला. आपली विंडो स्क्रीनवर नेमकी कुठे आहे हे साध्या प्रोग्रॅमला कळतच नाही, आणि ‘मला इथे ठेव’ असं सांगताही येत नाही. आकाराचं मात्र तसं नाही. विंडो उघडताना कंपॉझिटर, म्हणजे वेलँडवर विंडो मॅनेजरचंही काम करणारा भाग, प्रोग्रॅमला रुंदी-उंची कळवतो. दोन्ही आकडे शून्य आले, तर आकार प्रोग्रॅमने ठरवायचा. जपून ठेवलेला आकार वापरायचा तो नेमका इथे. विंडो मॅक्झिमाइझ असेल, तर कंपॉझिटर सांगेल तो आकार पाळावाच लागतो.

फेडोरा या लिनक्स वितरणाने २०१६ मध्ये ग्नोम डेस्कटॉपसाठी वेलँड हेच डिफॉल्ट सेशन केलं, केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या प्लाझ्मा ६ ने २०२४ मध्ये तेच केलं, आणि २०२५ मधल्या ग्नोम ४९ मध्ये एक्स११ चं सेशन मुळातच बंद ठेवलेलं आहे. त्यामुळे आज नवा प्रोग्रॅम लिहिताना माझा सल्ला सरळ आहे: आकार जपा, मॅक्झिमाइझ होती की नाही ते जपा, जागेचा नाद सोडा.

क्यूटी की जीटीके४

क्यूटी आणि जीटीके४ ही विंडो, बटणं वगैरे बनवण्याची तयार साधनं, म्हणजे टूलकिट. क्यूटीमध्ये सेव्हजॉमेट्री आणि रिस्टोअरजॉमेट्री ही जोडी आहे. पहिली विंडोची सगळी माहिती एका बाइट-अरेमध्ये बांधून देते: चौकटीसकट माप, साध्या अवस्थेतलं माप, कुठला मॉनिटर, मॅक्झिमाइझ किंवा फुलस्क्रीन होती का. विंडो बंद होताना ते क्यूसेटिंग्जमध्ये, म्हणजे क्यूटीच्या सेटिंग साठवण्याच्या सोयीत, लिहायचं आणि पुढच्या वेळी विंडो दाखवण्याआधी परत लावायचं, एवढंच काम. दरम्यान बाहेरचा मॉनिटर काढला असेल, तर विंडो दिसणाऱ्या भागात आणण्याची काळजीही क्यूटी घेतं. टूलबार आणि डॉक (मुख्य विंडोच्या कडेला चिकटणारे छोटे भाग) असतील तर सेव्हस्टेट वेगळं वापरावं लागतं, आणि प्रत्येक डॉकला ऑब्जेक्टचं नाव द्यावं लागतं. नाव दिलं नाही, तर तो डॉक पूर्वीच्या जागी परत येत नाही.

ही जोडी सोडून रुंदी-उंचीचे आकडे स्वतः लिहून ठेवण्याचा मोह होतो. त्यात दोन खड्डे आहेत. विंडो मॅक्झिमाइझ असताना बंद झाली, की जपला जातो तो मॅक्झिमाइझ आकार. पुढच्या वेळी विंडो तेवढीच मोठी उघडते, पण मॅक्झिमाइझ नसते, आणि मूळचं माप कायमचं हरवतं. ग्नोममध्ये तर जवळजवळ मॉनिटरएवढी विंडो आपोआप मॅक्झिमाइझ करण्याची सोय मुळातच चालू असते, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. दुसरा खड्डा एक्स११ वरचा. जागा वाचताना टायटल बारच्या आतला कोपरा घेतला आणि परत लावताना बाहेरचा धरला, तर विंडो दर वेळी टायटल बारच्या उंचीइतकी खाली सरकते. चार-सहा वेळा प्रोग्रॅम उघडला की हे सहज दिसतं.

जीटीके४ डिसेंबर २०२० मध्ये आलं आणि त्याने विंडो हलवण्याचं आणि तिची जागा विचारण्याचं फंक्शन काढूनच टाकलं. त्याबदली डिफॉल्ट-रुंदी आणि डिफॉल्ट-उंची या गुणधर्मांत वापरणाऱ्याने ओढून केलेला आकार आपोआप येत राहतो, आणि तोही मॅक्झिमाइझ नसतानाचा. हे दोन आणि मॅक्झिमाइझ हा तिसरा, असे तीन गुणधर्म जीसेटिंग्ज या सेटिंग साठवणाऱ्या सोयीला बांधले की काम झालं. वर सांगितलेला पहिला खड्डा इथे आपोआप चुकतो. त्रास आहे तो स्कीमाचा, म्हणजे कोणकोणती सेटिंग आहेत ते सांगणाऱ्या फाइलचा. एक्सएमएल फाइल लिहा, ती कंपाइल करा, योग्य जागी बसवा. स्कीमा सापडला नाही तर प्रोग्रॅम जागीच कोसळतो. नवशिक्यांचा अर्धा वेळ इथेच जातो.

प्रोग्रॅम विंडोज आणि मॅकवरही चालवायचा असेल तर क्यूटी घ्या. फक्त लिनक्स डेस्कटॉपसाठी लिहीत असाल, तर मला जीटीके४ ची पद्धत जास्त पटते. ती आकडे साध्या संख्यांत ठेवते. वापरणाऱ्याला ते डीकॉन्फ एडिटर या सेटिंग पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये वाचता येतात, बदलता येतात. क्यूटीने बांधलेल्या बाइटांच्या ओळीतून माणसाला काहीच उमगत नाही.

केडीईसाठी लिहिणाऱ्यांना मात्र याहून चांगली सोय मिळते. केविंडोकॉन्फिग विंडोचा आकार स्क्रीनच्या मापानुसार वेगवेगळा जपतं. घरी नुसता लॅपटॉप आणि ऑफिसात त्याला जोडलेला मोठा मॉनिटर, अशी रोजची ये-जा असेल तर दोन्हीकडे ज्याचा त्याचा आकार मिळतो. इतर टूलकिटमध्ये हे मुळातच असायला हवं होतं.

प्रोग्रॅम दुसऱ्याचा असेल तर

इथे विंडो मॅनेजरचे नियम कामाला येतात, आणि त्यात केडीईचा विंडो मॅनेजर केविन सगळ्यांत पुढे आहे. ऑल्ट-एफ३ दाबून येणाऱ्या मेनूतून त्या विंडोसाठी नियम करता येतो. आकार किंवा जागा कशी लावायची याचे पर्याय बारकाईने बघा. ‘अप्लाय इनिशियली’ म्हणजे उघडताना एकदा लावा, पुढे वापरणारा बदलू शकतो. ‘रिमेंबर’ म्हणजे शेवटचा आकार लक्षात ठेवा. ‘फोर्स’ म्हणजे बदलूच देऊ नका. बहुतेकांना पहिला किंवा दुसरा हवा असतो. ‘फोर्स’ निवडला की विंडो ओढली तरी हलत नाही. विशेष म्हणजे, जागा ठरवण्याचा जो अधिकार वेलँडवर प्रोग्रॅमला नाही तो केविनला आहे, म्हणून नेमकी जागा हवी असेल तर नियम हाच खरा मार्ग.

नियम विंडोच्या क्लासवर (ती कुठल्या प्रोग्रॅमची आहे ते सांगणाऱ्या नावावर) बांधा, शीर्षकावर नको. एडिटर आणि ब्राउझर शीर्षकात उघडलेल्या फाइलचं किंवा पानाचं नाव घालतात, त्यामुळे शीर्षकावरचा नियम आज लागतो आणि उद्या लागत नाही.

स्वे हा वेलँडवर विंडो शेजारी-शेजारी फरशांसारख्या बसवणारा विंडो मॅनेजर. त्यात कॉन्फिग फाइलमधली एक ओळ पुरते: अमुक ॲप-आयडीची (वेलँडवर क्लाससारखं काम करणाऱ्या नावाची) विंडो तरंगती ठेवा आणि ८०० बाय ६०० करा. तरंगती केली नाही तर आकार सगळा फरशीबंद मांडणीच्या हातात असतो, आणि प्रोग्रॅमने जपलेला आकडा तिथे लागू होत नाही. ग्नोममध्ये असे नियम अंगभूत नाहीत. एक्स्टेन्शन शोधावं लागतं.

स्क्रिप्टबद्दल थोडक्यात. डब्ल्यूएमकंट्रोल (wmctrl) आणि ल्युआ भाषेत नियम लिहायचं डेव्हिल्सपाय२ ही दोन्ही एक्स११ ची साधनं आहेत. वेलँडच्या सेशनमध्ये मूळ वेलँड विंडो त्यांना दिसत नाहीत. शिवाय विंडो आधी एका मापात उघडते आणि मग बदलते, ती उडी डोळ्यांना खुपते. एक्स११ वरचा एक्सएफसीई डेस्कटॉप वापरत असाल आणि स्क्रिप्ट चालू स्थितीत असेल, तर राहू द्या. नव्याने सुरुवात करू नका.

पहिल्यांदा उघडताना

जपलेला आकार नसतानाच्या पहिल्या मापाकडे फार कमी लोक लक्ष देतात. १३६६ × ७६८ चे लॅपटॉप आजही अनेकांच्या हातात आहेत. त्यावर १२५ टक्के स्केलिंग लावलं, तर प्रोग्रॅमच्या वाट्याला साधारण १०९३ × ६१४ एवढीच जागा येते, त्यातून पॅनेलची पट्टी वजा. म्हणजे ७०० उंचीच्या सेटिंगच्या विंडोतलं ‘जतन करा’ बटण स्क्रीनच्या खाली जातं आणि तिथे माऊस पोहोचत नाही. पहिली उंची ५५० च्या आत ठेवा, आणि लांबलचक फॉर्म स्क्रोल होणाऱ्या भागात टाका.

मराठी इंटरफेस देणार असाल तर किमान आकार पिक्सेलमध्ये ठोकून बसवू नका. देवनागरीला उभी जागा जास्त लागते: वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. इंग्रजी लेबल बघून बटणाची उंची पक्की केली, की ‘पूर्वीचा आकार पुन्हा वापरा’ यातल्या ‘पू’ आणि ‘पु’ चे उकार खालून कापले जातात. ते काम लेआउटवर सोडा. क्यूटी आणि जीटीके दोन्हींत लेआउट आतल्या मजकुरावरून किमान माप काढतो, आणि फॉन्ट बदलला की ते मापही बदलतं.