टू-वे स्पीकरचा क्रॉसओव्हर: 6, 12 की 24 डेसिबल?

साडेसहा इंची कागदी वूफर (खालच्या स्वरांचा) आणि एक इंची सिल्क डोम ट्वीटर (वरच्या स्वरांचा), घरी स्पीकर बांधणाऱ्या बहुतेकांची जोडी हीच. दोघांत स्वर वाटून देणारं सर्किट म्हणजे क्रॉसओव्हर. 6, 12, 24 हे त्याचे उतार: वाटणीपलीकडे वारंवारता दर वेळी दुप्पट (ट्वीटरसाठी निम्मी) होताना सिग्नल किती डेसिबलने उतरतो ते. वूफरचा पडदा कडेचं रबर सोडून जेमतेम 13 सेंमी भरतो. 2,600 हर्ट्झला आवाजाची तरंगलांबीही तेवढीच होते आणि त्यापुढे आवाज समोरच एकवटतो. सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला स्वर दबलेला लागतो. म्हणून वाटणी 2,500 च्या आत हवी. खाली किती जायचं हे ट्वीटर ठरवतो: त्याचा अनुनाद (तो आपसूक जास्त थरथरतो ती वारंवारता) साधारण 1,000 ला असतो आणि त्याच्या दुपटीखाली त्याला राबवू नये.

6 डेसिबलचा क्रॉसओव्हर मोहात पाडतो. 8 ओहम आणि 2,500 हर्ट्झ धरले तर ट्वीटरला 8.2 मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, वूफरला 0.5 मिलिहेन्रीची एक कॉइल, झालं काम. पण 1,250 हर्ट्झला ट्वीटरचा सिग्नल फक्त 7 डेसिबलने उतरलेला असतो. आवाज चढवला की तबल्याची चाट चिरकते. ॲल्युमिनियमचा वूफर असेल तर हा पर्याय सोडाच. त्या पडद्याचा 5 ते 8 हजारांमधला खणखणाट इतक्या मंद उताराने झाकला जात नाही.

24 डेसिबलची लिंकविट्झ-रायली रचना (1976) त्याच 1,250 ला सिग्नल जवळजवळ 25 डेसिबलने खाली नेते. मात्र एका स्पीकरला आठ भाग लागतात, आणि कॉइलच्या तारेचा रोध वूफरची ताकद थोडी खातो.

आमचं मत 12 च्या बाजूने. वूफरला 1 मिलिहेन्री मालिकेत, 3.9 मायक्रोफॅरड समांतर. ट्वीटरला नेमकं उलट. ड्रायव्हर (म्हणजे वूफर आणि ट्वीटर) स्वतःही उतरत असतात, त्यामुळे कानाला येणारा उतार बऱ्याचदा 24 च्या जवळ जातो. हे आकडे फक्त सुरुवातीचे. वूफर म्हणजे 8 ओहमचा रेझिस्टर नव्हे, वर जाताना त्याचा रोध वाढतो आणि कॉइल निष्प्रभ होते. डीसी रोध 6 ओहम, इंडक्टन्स 0.6 मिलिहेन्री असेल तर वूफरला समांतर 7.5 ओहम आणि 10 मायक्रोफॅरड (एकमेकांशी मालिकेत) लावा. बाजारातल्या तयार क्रॉसओव्हर पट्ट्यांवर नेमकं हेच नसतं.

पोलॅरिटी (ट्वीटरच्या अधिक-उणे तारांची दिशा) पुस्तकावरून ठरवू नका. ट्वीटरच्या उंचीला, एक मीटरवरून 2,500 च्या आसपासचा टोन ऐका, मग ट्वीटरच्या तारा उलटून पुन्हा ऐका. एका जोडणीत आवाज खड्ड्यात पडल्यासारखा गायब झाला, तर दुसरी जोडणी बरोबर. दोन्हीत फारसा फरक नसेल तर फेज (दोघांच्या लहरींचा ताल) जुळलेली नाही, कॉइल बदलून पाहा.

टेबलाशी बसून एकट्यानेच, मध्यम आवाजात ऐकणाऱ्याला सगळे स्वर एकटाच वाजवणारा चार इंची फुल-रेंज ड्रायव्हर पुरेल, क्रॉसओव्हरची भानगडच नको.

कॉइल शेजारी-शेजारी आडव्या चिकटवल्या की एकीचा सिग्नल दुसरीत शिरतो. एक आडवी, एक उभी ठेवा, मध्ये चार बोटं अंतर. कपॅसिटर नॉन-पोलर किंवा फिल्मचेच, पॉवर सप्लायमधले अधिक-उणे खुणेचे इथे फुगतात.