ऑडॅसिटी: ध्वनीच्या तासाला घ्यावंच, पण विंडो साइज बदलून

ध्वनीचं प्रकरण शिकवणाऱ्या शिक्षकाने ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करून तपासण्याचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर ठेवावंच. मोफत आहे आणि एकदा उतरवलं की इंटरनेट लागत नाही. पावसाळ्यात रेंज आणि वीज दोन्ही जाणाऱ्या कोकणातल्या शाळांना हे फार सोयीचं. आवाज रेकॉर्ड करा, ट्रॅकच्या मेनूतून 'स्पेक्ट्रोग्राम' निवडा. आडवा अक्ष वेळेचा, उभा वारंवारतेचा. जिथे रंग ठळक तिथे ऊर्जा जास्त.

आधी स्पेक्ट्रोग्रामच्या सेटिंगमध्ये उभ्या अक्षाचं स्केल लिनिअर (समान अंतराचं) करा, कमाल वारंवारता 5000 हर्ट्झ. हार्मोनियमच्या एका सुराच्या रेघा समान अंतरावर तेव्हाच दिसतात.

खरी गंमत विंडो साइजमध्ये, म्हणजे एका वेळी आवाजाचे किती नमुने तपासायचे त्या आकड्यात. 256 आणि 260 हर्ट्झचे दोन नादकाटे एकत्र वाजवा, कमाल वारंवारता 600 ठेवा. विंडो 2048 असेल तर एकच जाड रेघ सेकंदाला 4 वेळा उजळते, विझते. हेच विस्पंद. तीच 32768 करा. विस्पंद गायब, रेघा दोन! कारण सेकंदाला 44100 नमुने घेतले तर 2048 म्हणजे 46 मिलिसेकंद, तर 32768 म्हणजे पाऊण सेकंद. वेळ बारीक मोजली की वारंवारता ढोबळ होते, हे मुलांना सूत्राशिवाय कळतं.

नंतर भजनातला पखवाज घ्या. काळी शाई लावलेल्या पुडीवरच्या (चामड्यावरच्या) खुल्या थापेत वरच्या वारंवारता मूळ वारंवारतेच्या जवळपास पूर्ण पटीत येतात. भारतीय चर्मवाद्यांचा हा गुण सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्येच मांडला होता. आरतीची झांज लगेच शेजारी रेकॉर्ड करा. तिथे रेघांची गर्दी, पट कुठेच नाही.

नादकाट्याची रेघ दोन-तीन सेकंदांत पुसट झाली तर काट्याला दोष देऊ नका. लॅपटॉपचं नॉइज सप्रेशन एकसुरी आवाजाला गोंगाट समजून खातं. ते विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये बंद करा. काटा माइकला चिकटवला की आवाज क्लिप होतो (लाटेचे माथे कापले जातात) आणि नसलेल्या वरच्या रेघा उमटतात. तळाशी 50, 100, 150 हर्ट्झच्या अखंड रेघा दिसल्या तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. पत्र्यावरच्या पावसाला मात्र उपाय नाही, तो सगळ्या पट्ट्यात पसरतो. सर थांबेपर्यंत थांबा.

प्रोजेक्टरवर रंग फिके पडतात, उलटा ग्रेस्केल निवडा. मोबाइलसाठी ऑडॅसिटी नाही. मुलांच्या फोनवर फायफॉक्स (phyphox) हे प्रयोगांचं अ‍ॅप घ्या, तेही मोफत आहे.