बोर्डीच्या चिकूवाडीतील मुक्काम आणि उत्तर कोकणातील सणांचे वर्ष

डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे, समुद्रकिनाऱ्यापासून थोड्या अंतरावर असलेल्या एका चिकूवाडीत घरगुती मुक्कामाची सोय आहे. खोली आणि जेवण एवढ्यावर तिथले कुटुंब थांबत नाही. डहाणू, तलासरी, जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांतील पाड्यांवर आणि किनाऱ्यावरील कोळीवाड्यांत वर्षभर जे सण होतात, त्यांना पाहुण्यांना नेण्याची आणि तिथे कसे वागावे हे आधी समजावून सांगण्याची जबाबदारीही ते घेते. वर्षाच्या निरनिराळ्या ऋतूंत तिथे राहून आम्ही ही सेवा घेतली. दक्षिण कोकणात गणपती आणि शिमगा यांच्या आधाराने वर्ष मोजत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला आपल्याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाची फारशी ओळख नव्हती, आणि ती ओळख या मुक्कामामुळे झाली, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

या सेवेची सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे तिचे वेळापत्रक. ओसरीवर एक हाताने लिहिलेला तक्ता लावलेला आहे आणि त्यात इंग्रजी महिन्यांच्या जागी पीक आणि तिथी आहेत. भात निसवले की काय, कापणी झाली की काय, होळीनंतर काय, अशी त्याची मांडणी आहे. आगाऊ नोंदणी करू पाहणाऱ्या पाहुण्याला हे थोडे गैरसोयीचे वाटते, कारण एखाद्या गावचा बोहाडा, म्हणजे मुखवट्यांचा उत्सव, कोणत्या रात्री सुरू होणार हे गावकरी बसून ठरवतात आणि ते ठरेपर्यंत मालक तारीख देत नाहीत. आम्हालाही फोनवर दोनदा “अजून ठरलं नाही, ठरलं की कळवतो” असेच उत्तर मिळाले. परंतु पाहुण्यांच्या शनिवार-रविवारसाठी सण पुढे-मागे होत नाही हे इथे पहिल्याच फोनमध्ये कळते, आणि माझ्या मते हीच या सेवेची खरी गुणवत्ता आहे.

हा प्रदेश ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या पश्चिमेला बंदरे, बागा आणि रेल्वेमार्ग आहे, तर पूर्वेला सह्याद्रीच्या रांगांपर्यंत जंगल, डोंगर आणि वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी अशा समाजांचे पाडे आहेत. केंद्र सरकारने १९९१ मध्ये अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील ठरवला आणि तिथल्या उद्योगांवर मर्यादा घातल्या. चिकूवाड्या आणि जंगल यांचे आजचे दृश्य टिकून राहण्यात त्या निर्णयाचा मोठा वाटा आहे. समुद्रकाठच्या बोर्डीतून सकाळी निघून दुपारपर्यंत जव्हारच्या पठारावर पोहोचता येते, आणि एवढ्या प्रवासात भाषा, घरांची बांधणी, जेवण आणि देव हे सारे बदलत जाते.

पाहुण्याने पहिल्यांदा यायचे असेल तर भाद्रपद-आश्विनात यावे, असा माझा आग्रह आहे. त्या दिवसांत हळवे भात तयार होऊ लागते आणि नवे धान्य देवाला दाखवल्याशिवाय घरात कोणी खात नाही. वारली समाजात धान्याची देवी म्हणजे कणसरी, आणि नव्या तांदळाचा पहिला घास हा तिचा मान असतो. तारपा वाजतो तोही याच सुमारास, दिवाळीपर्यंत. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा लांब कर्णा मेणाने जोडून हे वाद्य तयार होते. तारपकरी मध्ये उभा राहतो आणि एकमेकांच्या कमरेत हात गुंफलेल्या स्त्री-पुरुषांची साखळी त्याच्याभोवती फिरते. तो वळेल तशी साखळी वळते आणि तारप्याकडे कोणी पाठ करत नाही. मालकांनी आम्हाला ज्या पाड्यावर नेले तिथे प्रेक्षकांसाठी वेगळी जागा नव्हती. अंगणाच्या कडेला, म्हाताऱ्या बायका आणि लहान मुले बसली होती त्यांच्यातच आम्हाला बसवले गेले. सोबत आलेला तरुण वाटाड्या त्याच पाड्यावरचा होता. नाच केव्हा थांबेल असे विचारल्यावर तो म्हणाला, “दमले की थांबतील, काकू. घाई कोणाला आहे?” त्याच तरुणाने आधीच्या उन्हाळ्यात, तारपा ऐकायला मिळेल का या आमच्या प्रश्नाला शेतात भात नसताना तो वाजवायचा नसतो, असे स्वच्छ उत्तर दिले होते.

दिवाळीच्या आरंभी, आश्विन वद्य द्वादशीला, आपण वसुबारस म्हणून गायवासराची पूजा करतो. त्याच दिवशी या डोंगराळ भागात वाघबारस असते. गावाच्या शिवेवर वाघदेवाचे ठाणे असते, आणि तिथल्या लाकडी फळीवर किंवा दगडावर वाघ, सूर्य आणि चंद्र कोरलेले दिसतात. त्यावर शेंदूर लावतात आणि गुरे राखणारी मुले तिथे जमतात. ज्या रानात गुरे चरतात त्या रानाच्या धन्याला वर्षातून एकदा त्याचा वाटा देणे हा त्या पूजेचा साधा अर्थ वाटाड्याने समजावून सांगितला. छायाचित्र काढू नये असे त्याने आधीच बजावले होते आणि कोणी काढलेही नाही. त्या रात्री वाडीवर परतल्यावर काकडीचा कीस तांदळाच्या पिठात मिसळून पानात उकडलेला पदार्थ आणि उकडलेले करांदे जेवणात होते. सण आणि ताट यांचा असा मेळ या घरात नेहमीच सांभाळला जातो.

हिवाळ्यापासून लग्नांचे दिवस सुरू होतात. वारली लग्नात घराच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे चौकोनी चित्र, लिहितात, त्यात पालघट देवी असते, आणि धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. हा चौक पाहायला मिळेल का, असे विचारणारे पाहुणे अनेक असणार, कारण वारली चित्रे आता पिशव्यांपासून रेल्वेस्थानकांच्या भिंतींपर्यंत सर्वत्र दिसतात. मालक मात्र निमंत्रण असल्याशिवाय कोणालाही लग्नघरी नेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्याऐवजी ते चित्रकारांच्या घरी नेतात. डहाणू तालुक्यातील गंजाड हे जिव्या सोमा म्हसे यांचे गाव. लग्नविधीपुरत्या आणि स्त्रियांच्या हातात असलेल्या या चित्रकलेला त्यांनी कागदावर आणि कापडावर आणले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या परिसरात आज अनेक घरांतून चित्रे काढली जातात. आम्ही ज्या घरी गेलो तिथे गेरूच्या पार्श्वभूमीवर बांबूच्या काडीने रेघ कशी ओढतात हे शांतपणे पाहता आले, आणि विकत घ्या असा शब्दही कोणी काढला नाही.

या सेवेसाठी मी पुन्हा जाईन ते मुख्यतः बोहाड्यासाठी. होळीनंतर वैशाखापर्यंत जव्हार-मोखाडा भागातील गावांत हा मुखवट्यांचा उत्सव होतो आणि तो अनेक रात्री चालतो. गणपती, सरस्वती, रामायण-महाभारतातील वीर, राक्षस, पशू अशी सोंगे एकामागून एक मशालींच्या उजेडात येतात, संबळ आणि सनईच्या ठेक्यावर पुढे-मागे नाचत जातात आणि अंधारात परत जातात. कोणते सोंग कोणी आणायचे हे घराण्यांत ठरलेले असते. वडिलांनी नाचवलेला मुखवटा मुलगा नाचवतो, आणि त्या मुखवट्याची वर्षभराची निगा हीही त्याच घराची जबाबदारी असते. कागदाच्या लगद्याचे किंवा लाकडाचे हे मुखवटे आकाराने मोठे आणि वजनदार असतात. ते चेहऱ्यावर बांधल्यावर नाचणाऱ्याला समोरचे थोडेच दिसते, म्हणून त्याला वाट दाखवणारा माणूस बरोबर चालतो. अखेरच्या रात्री, पहाटेच्या सुमारास देवीचे सोंग निघते आणि महिषासुराशी तिचे युद्ध होते. त्या वेळी गावातली झोपलेली मुलेसुद्धा उठवून आणली जातात आणि बायका ओवाळणीची ताटे घेऊन दारात उभ्या राहतात. आमच्याकडील दशावतार ज्यांनी रात्र रात्र जागून पाहिला आहे त्यांना या जागरणाची सवय असेल. इथे मात्र रंगमंच आणि संवाद यांच्याऐवजी सारी गल्लीच खेळाची जागा होते, आणि प्रेक्षकाला सोंगासाठी सतत बाजूला सरकावे लागते. मालकांनी या रात्रीची तयारी उत्तम केली होती. संध्याकाळी लवकर जेवण, अंगावर घ्यायला घोंगडी, गावातल्या एका घरी पाठ टेकायची सोय आणि पहाटेचा चहा, यांपैकी काहीही मागावे लागले नाही. मुखवटे बनवणाऱ्या कारागिरांकडे दुसऱ्या दिवशी जाण्याचा कार्यक्रम असतो. जागरणानंतर तो जड जातो, तेव्हा एक दिवस विश्रांती घेऊन जावे.

चैत्र पौर्णिमेला विवळवेढे येथील महालक्ष्मीची यात्रा सुरू होते आणि सुमारे पंधरवडाभर चालते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीच्या पुढे हे देऊळ आहे, आणि जवळच्या डोंगराच्या शिखरावर रात्री ध्वज चढवण्याचा मान वाघाडी गावच्या पुजाऱ्याचा आहे. जव्हारच्या मुकणे राजघराण्याचा या ध्वजाशी पूर्वापार संबंध आहे. यात्रेत पावसाळ्याच्या बेगमीची मोठी खरेदी होते. सुकी मासळी, मसाले, टोपल्या, सुपे आणि शेतीची अवजारे यांच्या रांगा लागतात, आणि किनाऱ्यावरची माणसे व डोंगरातली माणसे एकमेकांशी व्यवहार करताना इथे दिसतात. इथली व्यवस्था मात्र मला अपुरी वाटली. महामार्गावरची कोंडी ठाऊक असूनही आम्हाला भर दुपारी नेले गेले आणि दर्शनाच्या रांगेत उन्हात फार वेळ गेला. पहाटे निघणे किंवा पहिले दोन-तीन दिवस टाळणे सहज शक्य होते.

नारळी पौर्णिमेला डहाणूच्या कोळीवाड्यात जाणे हा छोटा कार्यक्रम आहे. ३१ जुलैपर्यंत मासेमारीची बंदी असते, त्यामुळे हा सण आला की होड्यांची रंगरंगोटी आणि समुद्राला नारळ वाहण्याची गडबड पाहायला मिळते. मुसळधार पाऊस असल्यास हा कार्यक्रम रद्द होतो, आणि रद्द झाल्यास पैसे परत मिळतात.

राहण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. खोल्या साध्या, स्वच्छ आणि हवेशीर आहेत, वाडीत मच्छरदाणीशिवाय झोपता येत नाही, आणि ती दिलेली असते. जेवण मात्र खास आहे. हिवाळ्यात कोनफळ, रताळी, वालपापडीच्या शेंगा मडक्यात घालून केलेली उकडहंडी, तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाचे कालवण, आणि भौगोलिक मानांकन मिळालेला डहाणू-घोलवडचा चिकू झाडावरून उतरवून पिकवलेला. चिकूच्या बागा इथे वाढवण्यात इराणी-पारशी बागायतदारांचा मोठा हात होता, आणि मालकांना त्या इतिहासाची चांगली माहिती आहे. जवळच्या बाहरोट डोंगरातील लेण्यांत पारशांनी संकटकाळी आपला पवित्र अग्नी जपून ठेवला होता. ती चढण जमत असेल तर हिवाळ्यात अवश्य करावी. डहाणू रोडपर्यंत पश्चिम रेल्वेची लोकल येते आणि घोलवड स्थानक वाडीला त्याहून जवळ आहे.

एका बाबतीत माझी नाराजी स्पष्ट शब्दांत नोंदवणे भाग आहे. डिसेंबरच्या अखेरीस, वर्षअखेरच्या पाहुण्यांसाठी, वाडीच्या अंगणात शेकोटीभोवती तारपा नाच ठेवला जातो. वेळापत्रकात पिकाचा मान राखणाऱ्या आणि उन्हाळ्यात तारप्याला नकार देणाऱ्या या घराने हे करायला नको होते. त्या रात्री तारपकरी ध्वनिवर्धकाशी झगडत होता, साखळीत पाहुणे घुसून छायाचित्रे काढत होते आणि अर्ध्या तासात नाच आटोपला. मी मालकीणबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी ते ऐकून घेतले. पाड्यावरच्या मंडळींना त्या दिवसांत रोख पैशाची गरज असते आणि ते स्वतःहून विचारतात, असे त्यांचे म्हणणे पडले. ते खरे असेलही. पण मग तो नाच कार्यक्रम म्हणून जाहीर करावा, सणांच्या तक्त्यात घालू नये, आणि साखळीत पाहुण्यांनी शिरायचे नाही हा पाड्यावरचा नियम अंगणातही लावावा.

दर जेवणासह माणशी दिवसाला १८०० रुपये आहे आणि सणाच्या प्रवासाचे वेगळे घेतात. बोहाड्याला गाडीचा खर्च चार जणांत वाटला तर परवडतो, दोघांना तो जड वाटेल. बिलावर वाटाड्याचे मानधन स्वतंत्र ओळीत लिहिलेले असते, हे मला आवडले. गावाच्या उत्सवासाठी दिलेली वर्गणी मात्र प्रवासखर्चातच मिसळलेली असते, तीही वेगळी दाखवावी आणि तिची पावती गावाच्या नावाने द्यावी, अशी सूचना मी लेखी देऊन आले आहे.