एलएनजी की मिथेनॉल: जहाज निवडताना झोपेचाही हिशेब धरा

सुटीवर गावी होतो, कापसाची वेचणी जोरात चालू होती. आमचं गाव आर्वी तालुक्यात, समुद्र तिथून सातशे किलोमीटर लांब. तरी आता तालुक्यातली बरीच पोरं मर्चंट नेव्हीत आहेत. भाचा पुलगावहून मोटरसायकलवर आला आणि चहा ओतायच्या आधीच म्हणाला, "मामाजी, दोन जहाजांचं बोलावणं आलं न. एक एलएनजीचं, एक मिथेनॉलचं. कोनतं घेऊ?"

तो चौथा इंजिनिअर, म्हणजे जहाजाच्या इंजिन रूममधला कनिष्ठ अधिकारी आहे. त्याच्यासारख्या आणखी दोघातिघांनी हेच विचारलं, म्हणून सविस्तर लिहितोय. मी दोन्हीवर काम केलंय. आधी एलएनजीवर, म्हणजे द्रवरूप केलेल्या नैसर्गिक वायूवर चालणारं मोठं कंटेनर जहाज केलं, मग मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) वाहणारं आणि तेच जाळणारं टँकर. पुढच्या वेळी निवड माझ्या हातात होती, तेव्हा मी मिथेनॉल मागून घेतलं.

जुन्या जड तेलाच्या जहाजांबद्दल फार सांगत नाही. तेल साफ करणाऱ्या प्युरिफायरचा गाळ उपसण्यात माझी पाच वर्षं गेली, ते दिवस आता सरत आलेत. जहाज वीस-पंचवीस वर्षं चालतं, म्हणजे आज बांधलेलं 2050 च्या आसपासही पाण्यात असणार. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2023 मध्ये निव्वळ शून्य उत्सर्जनाचं लक्ष्य ठेवलंय तेही त्याच सुमाराचं. म्हणून कंपन्या ताफा बदलताना दोन इंधनांवर चालणारी इंजिनं घेतायत. चौथ्या इंजिनिअरने आज जे शिकायचं, त्यावर त्याची पुढची सगळी नोकरी चालणार आहे.

एलएनजीच्या बाजूने आधी बोलतो, कारण तिची बाजू कमजोर नाही. एलएनजीवरची जहाजं मिथेनॉलवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, त्यामुळे काम मिळणं सोपं. इंजिन रूम इतकी स्वच्छ की पांढरा बॉयलर सूट आठवडाभर पांढरा राहतो. 23,000 कंटेनरांचं 'जाक सादे' 2020 पासून एलएनजीवर चालतंय, म्हणजे हे काही प्रयोगाच्या पातळीवर राहिलेलं नाही. जड तेलाच्या मानाने धुराड्यातून कार्बन डायऑक्साइडही कमी निघतो.

पण हा वायू उणे 162 अंशांवर द्रवरूपात ठेवलेला असतो, आणि टाकी कितीही चांगली असली तरी बाहेरची थोडी ऊब आत जातेच. आत थोडं थोडं उकळत राहतं, दाब चढत राहतो. जहाज चालू असेल तर इंजिन तो गॅस खाऊन टाकतं, काही वाटत नाही. खरी परीक्षा नांगर टाकल्यावर.

एकदा आम्ही एका बंदराबाहेर अकरा दिवस नांगरावर होतो. मुख्य इंजिन बंद. आमची टाकी मेम्ब्रेनची, म्हणजे पातळ पत्र्याच्या अस्तराची, तिच्यात एक बारइतकाही दाब चालत नाही. गॅस संपवायचा तर जनरेटरला लोड हवा. तेव्हा वीज खाणारे रेफर (थंड ठेवायचे) कंटेनर मोजकेच होते, रात्री लोड उतरला की जनरेटर गॅस सोडून आपोआप डिझेलवर जायचा. इकडे स्क्रीनवर दाबाचा शेवटचा आकडा एकेका घराने वर सरकतोय. बॉयलर लावा, नको असलेली वाफ करा, ती कंडेन्सरमध्ये मारा. जरा डोळा लागला की अलार्म. आमच्याकडे हरभऱ्यात रानडुकरं शिरू नयेत म्हणून बाबा माचीवर जागल करायचे, त्याची आठवण यायची. फरक एवढाच की त्यांची जागल पीक घरी आलं की संपायची.

झोपेचं एक वेळ चालवून घेतलं असतं. पण कमी लोडवर गॅस पुरता जळत नाही, थोडा मिथेन तसाच धुराड्यातून निसटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो. उच्च दाबाच्या इंजिनांत ही गळती बरीच कमी असते, हे मान्य. आमचं तसं नव्हतं. ऐन वेचणीत पाऊस येऊन फुटलेली बोंडं काळी पडलेली मी घरी पाहिलीयत, त्यामुळे रात्रभर जागून मी नेमकं काय सोडतोय हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. युरोपच्या कार्बन हिशेबात 2026 पासून मिथेनही धरतात. ते योग्यच झालं.

मिथेनॉल साध्या तापमानाला टाकीत पडून राहतं, रांजणातल्या पाण्यासारखं. नांगर टाका, पंधरा दिवस थांबा, दाबाची कटकट नाही. माझ्यासाठी पारडं इथेच झुकलं.

ते गरीब इंधन आहे असं मात्र समजू नका. दिवसा त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही, म्हणून आग शोधायला थर्मल कॅमेरा लागतो. बारा अंशांच्या आसपासच पेट घेण्याइतकी वाफ होते. थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात, कातडीतूनही भिनतं. लाइन उघडण्याआधी नायट्रोजनने धुतलीच पाहिजे, कितीही घाई असो. आखातात भर उन्हाळ्यात केमिकल सूट घालून फिल्टर बदलताना मे महिन्यात भर दुपारी वखर हाकल्यासारखं वाटतं. शिवाय किलोमागे ताकद जड तेलाच्या निम्मी, आणि लिटरमागे वजनही कमी, म्हणजे टाक्या अडीचपट हव्यात. माझं जहाज स्वतःच्या मालातूनच इंधन घ्यायचं, त्यामुळे बंकर, म्हणजे जहाजात भरायचं इंधन, मिळवायचा त्रास मला झाला नाही. कंटेनर जहाजावर तो होऊ शकतो, तेवढं माझ्या मतातून वजा करा.

आणि मिथेनॉल म्हटलं की हिरवंच, असंही नाही. कोळशापासून किंवा नैसर्गिक वायूपासून केलेलं असेल तर हवामानाला फायदा नाही. 2023 मध्ये 'लॉरा मर्स्क' हे कंटेनर जहाज कोरियातल्या उल्सानहून कोपनहेगनला गेलं ते जैविक मिथेनॉलवर, म्हणून त्याचं महत्त्व. काडीकचऱ्याचं वायूकरण करूनही मिथेनॉल बनवता येतं. भाच्याशी बोलत होतो तेव्हा शेजारच्या वावरात गेल्या सालची पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडं) धुऱ्यावर रचून ठेवली होती. दरवर्षी ती पेटवूनच देतात. ती जहाजाच्या टाकीत जाऊ शकते, हे त्याला सांगताना मला फार बरं वाटलं. गोबरगॅस शुद्ध करून द्रवरूप करता येतोच, ती वाटही चांगली आहे, पण टाकीजवळची जागल सुटत नाही.

लवकर नोकरी आणि लवकर बढती एवढंच पाहायचं असेल तर एलएनजी घ्या, मी अडवणार नाही. होय म्हणण्याआधी कंपनीला तीन गोष्टी विचारा. टाकी मेम्ब्रेनची की दाब सोसणारी? इंजिन कमी दाबाचं की जास्त? आणि मिथेनॉल असेल तर ते कशापासून बनलेलं, त्याचा दाखला जहाजावर असतो का? आयजीएफचा (गॅस आणि लवकर पेटणाऱ्या इंधनांच्या जहाजांसाठीचा) बेसिक कोर्स दोन्हीकडे लागेल. अ‍ॅडव्हान्स्डसाठी महिनाभराची समुद्रसेवा आणि तीन बंकरिंग (इंधन भरणं) दाखवावी लागतात, म्हणून पहिल्या दिवसापासून नोंदी ठेवा.

भाच्याने हे तिन्ही प्रश्न ओट्यावर बसूनच कंपनीला पाठवले. उत्तर यायचंय.