आभा ॲप आठ महिने वापरून: आईचे रिपोर्ट कुणी किती पाहायचे?

"काकूंची साखर फारच वाढलीय हो," असं शेजारच्या वहिनी म्हणाल्या आणि मी चमकलेच. लॅबनं आईचा रिपोर्ट चुकून त्यांच्या व्हॉट्सॲपवर टाकला होता. वहिनींनी काळजीपोटीच सांगितलं, पण आई दोन दिवस गप्प होती. बाबा गेल्यापासून तिला मनाच्या गोळ्याही चालू आहेत. उद्या त्या गोळ्यांची चिठ्ठी अशीच आमच्या रामबागभर फिरली तर? म्हणून तिचं आभा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खातं उघडलं.

नोंदणी सोपी आहे. आधारचा ओटीपी आला, 14 अंकी क्रमांक मिळाला. दवाखान्यातला क्यूआर स्कॅन केला की नाव-पत्ता-मोबाइल खिडकीवर पोचतो. त्यानं रिपोर्ट जात नाहीत. पुष्कळांची इथेच गल्लत होते.

रिपोर्टसाठी वेगळी परवानगी लागते, आणि मला हे ॲप आवडलं ते तिथे. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या दवाखान्याची मागणी आली. चिठ्ठ्या, तपासण्या, डिस्चार्जचे कागद, सगळ्यांवर टिक, तारखा पाच वर्षांच्या. घाईत 'मंजूर' दाबलं असतं तर सगळंच गेलं असतं. मी चिठ्ठ्यांवरची टिक काढली, तारखा सहा महिन्यांवर आणल्या, मुदत आठवड्याची ठेवली. आई चष्मा लावून शेजारीच बसली होती. "त्या गोळ्या नाही ना दिसणार?" तिनं दोनदा विचारलं. काही गोळ्यांनी डोळ्यांचा दाब वाढू शकतो, म्हणून डॉक्टरांना त्या कळायला हव्यातच. पण ते आईनं स्वतः सांगितलं, तपासणीच्या खोलीत, दार लावून.

रिपोर्ट कुठल्या एका सरकारी कोठारात जमा होत नाहीत. जिथे तयार झाले त्या दवाखान्याकडे किंवा लॅबकडेच राहतात आणि परवानगी मिळाली की एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही अशा रूपात, मागणाऱ्याकडे जातात. हे मला पटतं, पण त्याचाच अर्थ असा की मूळ जागी हलगर्जीपणा असेल तर ॲप काय करणार? दिलेली परवानगी मागे घेता येते, पुढचं पाहणं थांबतं. कुणी प्रिंट काढून ठेवली असेल तर ती परत येत नाही. म्हणून आधीच कमी द्यावं.

आमची जुनी लॅब अजून आभाला जोडलेली नाही. तिचे रिपोर्ट मी स्वतः स्कॅन करून चढवते. आणि वहिनींचा नंबर आईच्या नावापुढून काउंटरवर उभं राहून, माझ्या डोळ्यांदेखत खोडून घेतला.